फक्त हिरव्या होडीसाठी वादळ

हिकिफुशीत हुळंगु सुरू झाला, म्हणजे पश्चिमेचा वारा पाऊस घेऊन बेटावर मुक्कामाला आला, की दिवसाची पहिली शिवी झुलेखाच्या नावाने पडते. कुणाचा वाळत घातलेला मासा भिजला, कुणाची चादर भिजली, कुणाच्या सासूची कंबर धरली, सगळ्याला जबाबदार झुलेखा. ढग जणू तिच्या परसात बांधलेले असतात आणि ती सकाळी उठून त्यांना सोडते. तिला त्याचं काही वाटत नाही. उलट एखाद्या दिवशी कुणीच शिवी दिली नाही तर ती बेचैन होते आणि भोंगा चालू आहे ना ते तपासून येते.

तिचं हवामान सांगायचं काम तसं साधं. पहाटेच्या नमाजानंतर बेटाच्या कचेरीच्या अंगणातला पावसाचा डबा मोजायचा, हवेच्या दाबाच्या यंत्राचा काटा पाहायचा, धक्क्यावर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायचं, आणि मग राजधानीला फोन लावायचा. राजधानी सांगते ते अख्ख्या अटोलासाठी, म्हणजे बेटांच्या अख्ख्या कड्यासाठी, एकच: तुरळक सरी, अधूनमधून गडगडाट, समुद्र मध्यम ते खवळलेला. अटोलात बेटं ढीगभर, आणि सर येते ती एवढीशी की मशिदीचं पुढचं दार भिजतं आणि मागचं कोरडं राहतं. फोनवर तर पावसाळाभर एकच चित्र असतं, ढग आणि खाली थेंब. त्याच्या भरवशावर कोण मासा वाळत घालणार? म्हणून झुलेखा राजधानीचं बोलणं हिकिफुशीच्या मापाचं करते आणि भोंग्यावरून सांगते.

"दुपारच्या नमाजापर्यंत मासा वाळत घाला, मग उचला. उत्तरेच्या आळीने आज कपडे धुऊ नयेत. धुतले तर मला सांगायला येऊ नये."

इतक्या वर्षांत ती चुकली पुष्कळदा. कोण नाही चुकत? पण खोटं ती एकदाही बोलली नव्हती. जे दिसलं, जे मोजलं, ते सांगितलं. शिव्या देणारेही मनात हे जाणून होते, आणि तिने "बाहेर पडू नका" म्हटलं की मुकाट्याने होड्यांचे दोर आवळत होते. या वर्षी मात्र ती खोटं बोलली, आणि एकदा बोलल्यावर थांबेना. कारण होतं सीदी.

सीदी तिचा नवरा. म्हणजे होता. दोनदा. बेटांवर यात तोंडात बोट घालण्यासारखं काही नाही. माणसं भांडतात, कोर्टात जाऊन काडी मोडतात, वर्ष-दोन वर्षं एकमेकांच्या गल्लीतून मान वळवून जातात, आणि मग एक दिवस त्याच कोर्टात पुन्हा निकाह लावायला हजर होतात. सीदी आणि झुलेखाचं दोन्ही वेळा मोडलं ते हवामानावरून. पहिल्या वेळी ती म्हणाली आज कोरडं जाईल, सीदीने सगळा कुपा मासा कापून वाळत घातला, आणि दुपारी धो धो पाऊस. तेवढंही चाललं असतं. पण हा गेला धक्क्याजवळच्या होळुआशीत, जिथे बेटावरचे सगळे पुरुष मांडवाखाली दोरीच्या जोल्यांत पाय पसरून बसलेले असतात, आणि म्हणाला, "माझ्या बायकोपेक्षा माझ्या कोंबडीला पाऊस जास्त कळतो." तो घरी पोचायच्या आत ते वाक्य घरी पोचलं होतं. कोंबडीची त्याच रात्री आमटी झाली, आणि काडी थोड्याच दिवसांत मोडली.

दुसरी वेळ याच्या बरोबर उलट. पुन्हा निकाह लागून चांगला संसार चाललेला. ती म्हणाली, जाऊ नकोस, वादळ आहे. हा गेला. वादळ झालंही, पण हा खडकांआडून वळसा घालून होडी भरून मासा घेऊन आला, आणि वर हसत आला. झुलेखा धक्क्यावर रडत उभी होती. ती म्हणाली, "बुडला असतास तर निदान मी खरी तरी ठरले असते." बोलल्यावर तिचं तिलाच धस्स झालं. पण शब्द गेले होते, आणि आजूबाजूला अर्धं बेट उभं होतं. सीदीचं हसू मावळलं. महिन्याभरात तो अटोलाच्या दक्षिण टोकाच्या एका बेटावर तांडेल म्हणून निघून गेला.

आता कायद्याने एकच संधी उरली होती. तिसऱ्यांदा मोडलं की एकमेकांकडे परतायची वाट जवळजवळ बंदच. म्हणून दोघांपैकी कुणी त्या विषयाला हात लावत नव्हतं. आहे ती एक संधी शिल्लक आहे, एवढ्यावर दोघं आपापल्या बेटावर दिवस काढत होती.

यंदा फुस नक्षत्रात सीदीच्या भाचीचं लग्न निघालं. फुस म्हणजे आपला पुष्य. पावसाळ्यात तेवढेच काय ते दिवस वारा जरा मवाळ असतो. सीदी आपली हिरवी होडी घेऊन आला आणि बहिणीकडे, नहुलाकडे उतरला. नहुलाचं घर झुलेखाच्या घराला लागून, मधे फक्त प्रवाळाच्या दगडांची कमरेएवढी भिंत. लग्नाला झुलेखाने मासा भरलेल्या गुळ्यांचं, म्हणजे तळलेल्या गोळ्यांचं, ताट पाठवलं होतं. ताटांच्या त्या गर्दीतून सीदीने पहिला घास त्यातलाच खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आणून भिंतीपाशी आला.

"मिरची अजून तेवढीच आहे म्हणायची."

"आणि जीभ अजून तेवढीच लांब आहे म्हणायची," झुलेखा म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. पण त्या रात्री झुलेखाने केसांना तेल लावलं, आणि मग स्वतःवरच चिडून दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीदी परत निघणार होता. झुलेखाने डबा मोजला, कोरडा. काटा जागच्या जागी. धक्क्यावरून पाहिलं तर समुद्र असा निवांत की एखाद्याने वर चटई टाकून झोपावं. राजधानीनेही तेच सांगितलं. ती कचेरीत आली, बटण दाबलं, तोंड उघडलं आणि म्हणाली, "समुद्र खवळलेला. होड्यांनी बाहेर पडू नये."

भोंग्यातून स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली.

होळुआशीतल्या माणसांनी आभाळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. पण झुलेखा म्हणते म्हणजे असेल काहीतरी. त्यांनी दोर आवळले. सीदीने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि नहुलाला म्हणाला, "जेवायला आहे मी."

दुसऱ्या दिवशीही समुद्र खवळलेला निघाला. त्याच्या पुढच्याही. सूर्य असा तापत होता की मासा तासाभरात वाळला असता, पण वाळवायला मासाच नव्हता. तेव्हा बेटाच्या समितीचा अध्यक्ष इद्रीस कचेरीत आला. माणूस तरणा, अंगाने गोल, आणि झुलेखाला मोठी बहीण मानून दाइता म्हणणारा; तीही त्याला धाकटा भाऊ म्हणून कोक्को म्हणे.

"दाइता," तो खुर्चीत बसत म्हणाला, "आज माझ्या बायकोने डब्यातला मासा उघडला. कुप्याच्या बेटावर, डब्यातला कुपा! माझा बाप कबरीत कूस बदलत असेल."

"हवामान काय माझ्या हातात आहे, कोक्को?" झुलेखा म्हणाली, पण तिचे कान लाल झाले.

ते तिला लागलं मात्र. एकासाठी सगळ्यांना उपाशी ठेवणं बरं नव्हे. म्हणून पुढच्या सकाळी तिने वादळ जरा आखूड केलं. "मोठ्या होड्यांना हरकत नाही. लहान होड्यांनी बाहेर पडू नये." मोठ्या होड्या गेल्या आणि मासा घेऊन आल्या. लहान होडीवाल्यांनी कचेरीपुढे आरडाओरड केली. त्यानंतरच्या सकाळी वादळ आणखी आखूड झालं. "लहान होड्यांपैकी ज्यांचं इंजिन जुनं आहे त्यांनीच थांबावं." इंजिनं सगळ्यांचीच जुनी होती. पुन्हा आरडाओरड. मग एके दिवशी सगळ्या बेटाने कान टवकारून ऐकलं, "हिरव्या रंगाच्या होड्यांना आज धोका आहे."

बेटावर हिरव्या होड्या दोन. दुसऱ्या होडीच्या मालकाने दुपारपर्यंत तिला निळा रंग देऊन टाकला.

आता भोंगा वाजायच्या आधीच होळुआशी भरू लागली. शाळेला उशीर झाला तरी चालेल, पण हवामान ऐकल्याशिवाय कुणी हलेना. "दक्षिणेकडे जाणाऱ्या हिरव्या होड्यांनी थांबावं." हशा. "पन्नाशी उलटलेल्या तांडेलांनी लाटांपासून सांभाळून राहावं." मोठा हशा. "उजवा गुडघा दुखणाऱ्यांना वारा बाधेल," असं निघालं त्या दिवशी एक म्हातारा हसता हसता जोलीतून खाली पडला.

"सीदीबे, तुझ्या गुडघ्याचंसुद्धा हवामान लागलं की रे!"

सीदी जाळं सांधत बसला होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "कचेरीतून सांगतात ते माणसाने ऐकावं." आणि खरोखरच त्याने गुडघ्यावर फडकं गुंडाळलं.

नहुलाला मात्र हसू येईनासं झालं होतं. तिने भिंतीवरून मान काढली.

"झुलेखा, माझा भाऊ सकाळी किती रोश्या खातो ठाऊक आहे ना तुला? तुझं वादळ माझ्या पिठाच्या डब्यात शिरलंय बाई. हवा असेल तर घेऊन जा, पण वादळाचा खर्च माझ्यावर नको."

"मी काय केलं?" झुलेखा म्हणाली. "फुस यंदा विचित्रच लागलंय."

"फुस ठीक आहे. तुलाच काहीतरी लागलंय."

झुलेखा आत गेली आणि नारळ खवायला बसली. तिला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. तो थांबतो आहे, एवढंच तिला दिसत होतं. का थांबतो आहे ते विचारायची तिची छाती नव्हती. विचारलं आणि तो म्हणाला की हवामानामुळे, तर?

त्याच संध्याकाळी इद्रीस पुन्हा आला. या वेळी तो बसला नाही.

"दाइता, लोक हसताहेत तोवर मीही हसलो. पण आज पोरांनी पैजा मारल्या की उद्या तू कुठल्या अवयवाचं नाव घेशील. उद्या खरं वादळ आलं आणि तू ओरडून सांगितलंस, तर हे असेच हसतील आणि होड्या सोडतील. मग?"

सगळ्या आयुष्यात कमावलेली एकच गोष्ट, आणि ती आपण गुडघ्यापर्यंत आणून ठेवली, असं झुलेखाला वाटलं. रडू कोसळेल म्हणून ती पावसाच्या डब्यापाशी जाऊन उगाच डबा पुसत राहिली. तिथे सीदी आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघं एकटी समोरासमोर उभी होती.

"उद्या सरळ सांग," तो म्हणाला. "जे असेल ते. तू म्हणशील तसं करीन."

"जायचंय तुला."

"मी म्हटलं का तसं? तू सांग, मी ऐकीन."

तो लंगडत निघून गेला. फडकं त्याने चुकून डाव्या गुडघ्याला बांधलं होतं. पण झुलेखाला तेही दिसलं नाही. तिने एवढंच ऐकलं की याला जायचंय आणि मी वाट अडवून बसले आहे.

सकाळी ती ठरवून उठली की आज अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. डबा कोरडा होता. राजधानी म्हणाली, वारा हलका. धक्क्यावरून पाहिलं तर समुद्र गप्प. फक्त पश्चिमेला, अगदी पाण्याला टेकून, एक काळपट पट्टा होता, खालची कड फाटल्यासारखी. असा पट्टा तिच्या ओळखीचा होता. तिचं काळीज एकदम हलकं झालं, आणि त्या हलकं होण्यानेच तिने स्वतःला पकडलं. वा गं वा, ती स्वतःला म्हणाली, इतके दिवस निरभ्र आभाळातून वादळं काढलीस, आज तुला हवा तसा ढग दिसणारच. दाबाचा काटाही केसभर खाली आल्यासारखा वाटला. तिने काचेवर टिचकी मारली आणि मनात म्हणाली, टिचकीने तो हलतोच. मग बटण दाबलं.

"समुद्र शांत आहे. सगळ्या होड्यांनी जावं," ती म्हणाली. जरा थांबली. "हिरव्यांनीसुद्धा."

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. होळुआशीतून हसण्याचा आवाज आला नाही.

ती घरी आली आणि धक्क्याकडे पाठ करून बसली. एका होडीचं इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं, लांब लांब गेलं, विरून गेलं. त्यानंतर दुसरं कुठलंच इंजिन का वाजलं नाही, हे तिच्या डोक्यात शिरलं नाही. भिंतीपलीकडे नहुला लगबगीने वाळवणातला मासा उचलत होती.

"आज कशाला उचलतेस? कोरडं आहे," झुलेखा म्हणाली.

"असंच," नहुला म्हणाली, आणि टोमणा न मारता आत गेली. तेव्हाही झुलेखाला काही कळलं नाही.

दुपारच्या आधीच आभाळ काळं झालं. नारळाची झाडं एका बाजूला झुकली, पत्रे वाजू लागले, आणि पाऊस असा आडवा आला की समोरची मशीद दिसेना. झुलेखा अनवाणी धावत सुटली. धक्क्यावर पोचली तर सगळ्या होड्या तिथेच, दुहेरी दोरांनी बांधलेल्या. सगळे पुरुष तिथेच. हिरवी होडी नव्हती.

"मी शांत म्हटलं होतं!" ती इद्रीसवर ओरडली. "मग तुम्ही सगळे इथे कसे?"

इद्रीसने खाली पाहिलं. "सीदीबे पहाटेच येऊन सांगून गेला, दाइता. म्हणाला, पश्चिमेला पट्टा आहे, आज कुणीही दोर सोडू नका. आणि झुलेखाला काही बोलू नका."

"आणि तो स्वतः?"

इद्रीसने खडकांमधल्या वाटेकडे बोट दाखवलं.

झुलेखा भिजत उभी राहिली. धक्क्यावरच्या याच दगडावर उभी राहून ती म्हणाली होती की बुडला असतास तर मी खरी ठरले असते. आता ती मनातल्या मनात उलटं म्हणत होती. या अल्ला, मला जन्मभर खोटी ठरव, भोंगा काढून घे, बेटभराच्या शिव्या खायला लाव, पण ती होडी दाखव.

बऱ्याच वेळाने खडकांमधल्या वाटेतून हिरवं काहीतरी वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. होडीवरचं छत उडालं होतं. पोरांनी पाण्यात उड्या टाकून दोर धरले. सीदी धक्क्यावर चढला तेव्हा त्याच्या दाढीतून पाणी गळत होतं आणि त्याचे दात वाजत होते. झुलेखाने त्याच्या ओल्या सदऱ्याला धरून त्याला गदागदा हलवलं. माणसं पाहत होती, पाहू देत.

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग गेलास कशाला, मूर्खा?"

"तू म्हणालीस ना, शांत आहे."

"मी चुकले होते!"

"ते मला ठाऊक होतं," सीदी म्हणाला. "पहिल्या खेपेला तुझं ऐकलं आणि मग चारचौघांत वाटेल ते बोललो. दुसऱ्या खेपेला ऐकलंच नाही. म्हटलं, या खेपेला ऐकावं आणि तोंड बंद ठेवावं. जमतं का ते बघावं."

"आणि बुडला असतास तर?"

"तर या वेळी तू खोटी ठरली असतीस."

झुलेखा हसली की रडली ते पावसात कुणाला नीट दिसलं नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पट्टा मलाही दिसला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, तू जाऊ नयेस म्हणूनच दिसतोय."

होळुआशीतली माणसं एकाएकी दुसरीकडे पाहू लागली. एरवी हीच माणसं शेजारच्या घरातली कुजबूज कान लावून ऐकतात. शेवटी नहुला पुढे आली आणि भावाच्या अंगावर कोरडं फडकं टाकून म्हणाली, "चला, वादळ संपलं असेल तर जेवायला कुणाकडे जायचं ते ठरवा. माझ्याकडचं पीठ संपलंय."

दुसऱ्या सकाळी बेटावर पाऊस लागून राहिला होता. भोंगा वाजला तेव्हा सगळे गप्प झाले. झुलेखाचा आवाज नेहमीसारखा होता, कोरडा.

"समुद्र खवळलेला. सगळ्या होड्यांनी बांधून राहावं, रंग कुठलाही असो. नाश्त्याच्या वेळी सर थांबेल. धक्क्यापासून कोर्टापर्यंत कोरड्याने जाता येईल. छत्री लागणार नाही."

या वेळी कुणी हसलं नाही आणि कुणी शंकाही घेतली नाही. नाश्त्यानंतर दोघं निघाली. सीदीने इस्त्रीचा सदरा घातला होता. छत्री त्याने हातात घेतली होती, पण झुलेखाकडे पाहून ती पुन्हा खुंटीला लावून ठेवली. ती मशिदीपर्यंत पोचली असतील नसतील तोच सर आली. साधीसुधी नव्हे, सगळा हुळंगु एकदम रिकामा करावा तशी आली. आडोशाला कुठे जागा नव्हती. सीदीने तोंड उघडलं, बायकोकडे, म्हणजे अजून न झालेल्या बायकोकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. सगळी वाट तो एक शब्द बोलला नाही. होळुआशीतली माणसं श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होती.

कोर्टातला न्यायाधीश नवीन होता, राजधानीहून आलेला. खिडक्या बंद करून कागदांत डोकं खुपसून बसला होता. दोघं समोर उभी राहिली आणि त्यांच्या पायांखाली पाण्याचं तळं झालं. त्याने चष्मा वर सारून त्या तळ्याकडे पाहिलं.

"बाहेर पाऊस पडतोय का?"

सीदीने चेहऱ्यावरचं पाणी हाताने निपटलं.

"माझी बायको म्हणते, नाही," तो म्हणाला.